मागचा आस आणि मोटारीची चाकोरी

'चाकोरी' हा शब्द आपण बोलण्यात नेहमी वापरतो. ठरावीक पद्धतीने वागणाऱ्या माणसाला आपण 'चाकोरीतला' म्हणतो. पण चाकोरी म्हणजे मुळात चाकांनी मातीत पाडलेली वाट. बैलगाडीच्या दोन चाकांत जेवढे अंतर असते, तेवढ्याच अंतरावर दोन समांतर चर पडतात. मोटारीलाही अशी चाकोरी असते. एकाच आसावरील दोन चाकांचे टायर जमिनीला जेथे टेकतात, तेथे त्यांच्या मध्यरेषांमधील अंतर मोजले की चाकोरीची रुंदी मिळते. या लेखात 'चाकोरी' हा शब्द आपण याच अर्थाने वापरू.

इंग्लंडमध्ये १९६० ते १९८० या काळात बनलेल्या लहान, दोन आसनी स्पोर्ट्‌स मोटारी आजही हौशी लोकांनी जपून ठेवल्या आहेत. या मोटारींचे भाग झिजतात, मोडतात. मग जुन्या मोटारींच्या ढिगातून एखादा मागचा आस मिळवून तो आपल्या गाडीला बसवायचा, असा उद्योग हे हौशी लोक करतात. कोणाला मोडलेला आस बदलायचा असतो, कोणाला गाडीचा वेग वाढवायचा असतो, तर कोणाला चाकोरी रुंद करून वळणावर गाडी अधिक स्थिर करायची असते. आस वरून पाहिला तर एक लोखंडी नळी दिसते. ती चार बोल्टांनी अडकवली की काम झाले, असे वाटते. ते खरे आहे का? त्यासाठी रुंदीचा, दातांचा आणि रचनेचा असे तीन हिशेब मांडावे लागतात. ते आपण क्रमाने पाहू.

आसाच्या पोटात काय असते?

एंजिनाची गती प्रोपेलर शाफ्ट नावाच्या फिरत्या दांड्याने मागे येते. तेथे एक लहान दंतचक्र असते; त्याला पिनियन म्हणतात. ते एका मोठ्या दंतचक्राला, म्हणजे क्राउनला, काटकोनात फिरवते. क्राउनमधून गती दोन्ही बाजूंच्या चाकांकडे जाते. पण ती सरळ जात नाही. मध्ये डिफरन्शियल नावाची दंतचक्रांची जुळणी असते. तिची गरज का पडते?

समजा मोटारीने एक पूर्ण वर्तुळाकार फेरी मारली. आसाच्या मध्यबिंदूची त्रिज्या 'त्रि' आणि चाकोरी 'च' मानू. बाहेरच्या चाकाची त्रिज्या त्रि + च/२ आणि आतल्या चाकाची त्रि − च/२ होईल. दोन्ही परिघांची वजाबाकी केली तर 'त्रि' निघूनच जाते आणि उरते २π × च. याचा अर्थ असा की वर्तुळ लहान असो वा मैदानाएवढे मोठे, एका फेरीत बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा जास्त चालते ते फक्त चाकोरीवर अवलंबून असते. चाकोरी १.२५ मीटर असेल तर हा फरक ७.८५ मीटर येतो. चौकात काटकोनात वळताना त्याचा चौथा भाग, म्हणजे जवळजवळ दोन मीटर. लहान मोटारीच्या टायरचा परीघही साधारण एवढाच असतो. म्हणजे प्रत्येक चौकात बाहेरचे चाक आतल्यापेक्षा एक फेरा जास्त फिरते. दोन्ही चाके एकाच दांड्यावर पक्की बसवली असती तर प्रत्येक वळणावर एक टायर रस्त्यावर घासत गेला असता. डिफरन्शियलमुळे हे टळते.

पहिला हिशेब: रुंदीचा

उदाहरणासाठी एमजीबी ही मोटार घेऊ. ती १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे बनत असे. सर्व प्रकार मिळून तिच्या पाच लाखांहून अधिक मोटारी तयार झाल्या. म्हणूनच तिचे सुटे आस आजही पुष्कळ मिळतात. तिची मागची चाकोरी सुमारे १२५ सेंटिमीटर.

एमजीबीच्या मागच्या आसांचे दोन मुख्य प्रकार आहेत. आरंभीच्या आसाचे घर मध्यभागी गोल व दोन्ही बाजूंना निमुळते असे. त्याचा आकार बॅन्जो या तंतुवाद्यासारखा दिसे, म्हणून त्याला बॅन्जो आस म्हणत. नंतर मध्यभागी ओतीव घर आणि दोन्ही बाजूंना नळ्या, असा अधिक मजबूत आस आला. टपबंद मोटारीला तो १९६५ मध्ये आरंभापासूनच होता, तर उघड्या मोटारीला १९६७ मध्ये मिळाला.

पण खरी मेख पुढेच आहे. एमजीबीला दोन प्रकारची चाके मिळत. एक प्रकार पत्र्याच्या चाकांचा. ती आपल्या नेहमीच्या मोटारीप्रमाणे चार नटांनी आवळतात. दुसरा प्रकार सायकलसारख्या तारांच्या चाकांचा. या चाकाचा हब लांब असतो, त्यावर खाचा असतात आणि मध्यभागी एकच मोठा नट आवळून चाक घट्ट करतात. हा लांब हब चाकाला बाहेरच्या बाजूस ढकलतो. म्हणून नळीच्या आसात कारखान्याने तारांच्या चाकांसाठी वेगळे, अधिक अरुंद घर आणि आखूड शाफ्ट ठेवले होते. लांब हब अधिक आखूड आस बरोबर लांब आस अधिक छोटा हब! दोन्हींत टायर मडगार्डाखाली साधारण एकाच ठिकाणी येतो.

आता एखाद्याने पत्र्याच्या चाकांचा आस मिळवला आणि त्यावर आपली तारांची चाके हबसकट चढवली, तर काय होईल? लांब आस आणि लांब हब एकत्र आले. चाके दोन्ही बाजूंनी बाहेर सरकली, चाकोरी वाढली. पहिल्या खड्ड्यात गाडी दबली की टायर मडगार्डाच्या कडेला घासू लागेल. धारदार पत्र्याने टायरची बाजू कापली जाणे ही भर वेगात किती धोक्याची गोष्ट आहे, हे सांगायला नको.

पण चाकोरी वाढल्याने मोटार अधिक स्थिर होणार नाही का? होईल, पण किती, ते मोजून पाहू.

मोटार वळते तेव्हा रस्ता टायरांना आतल्या बाजूस ढकलतो. हे बल जमिनीलगत लागते; मोटारीचा गुरुत्वमध्य मात्र वर असतो. त्यामुळे मोटार बाहेरच्या बाजूस कलंडू पाहते. आतल्या चाकांवरचा भार कमी होतो आणि तेवढाच बाहेरच्या चाकांवर वाढतो. परिबलांचा नियम लावला तर मिळते:

सरकलेला भार = बाजूचे बल × गुरुत्वमध्याची उंची ÷ चाकोरी

समजा मोटारीचे वजन १००० किलोग्रॅम, गुरुत्वमध्याची उंची ५० सेंटिमीटर, चाकोरी १२५ सेंटिमीटर आणि वळणावर बाजूचे बल ६०० किलोग्रॅम-भार आहे. तर सरकलेला भार ६०० × ५० ÷ १२५ = २४० किलोग्रॅम. उभ्या मोटारीत दोन्ही बाजूंवर ५००-५०० किलोग्रॅम होते. आता बाहेरच्या बाजूवर ७४० आणि आतल्या बाजूवर अवघे २६०. टायरवरचा भार दुप्पट झाला तरी त्याची रस्त्यावरची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून भार जितका समान वाटलेला, तितकी चारही चाकांची मिळून पकड चांगली.

आता चाकोरी ४ सेंटिमीटरने वाढवून १२९ करा. सरकलेला भार होतो २३३ किलोग्रॅम. म्हणजे फायदा फक्त ७ किलोग्रॅमचा, शेकडा तीन! तोही पुढची आणि मागची अशा दोन्ही चाकोऱ्या वाढवल्या तर. नुसता मागचा आस बदलला तर त्याहूनही कमी. हाच लाभ गुरुत्वमध्य दीड सेंटिमीटर खाली आणूनही मिळतो. सूत्रात ५० च्या जागी ४८.५ घालून तुम्हीच पाहा. स्पोर्ट्‌स मोटारी इतक्या बुटक्या का असतात, याचे उत्तर या सूत्रात आहे.

या लाभाची किंमतही द्यावी लागते. काही जण आस न बदलता हब आणि चाक यांच्यामध्ये जाड चकती घालून चाक बाहेर काढतात. एका मागच्या चाकावर २५० किलोग्रॅम भार असेल आणि चाक २ सेंटिमीटर बाहेर गेले, तर बेअरिंगवर ५०० किलोग्रॅम-सेंटिमीटरचे जादा परिबल येते. खड्ड्यात चाक आदळते तेव्हा ते क्षणभर कित्येक पट वाढते. बेअरिंग लवकर झिजते, शाफ्टला वाक देणारा ताण वाढतो आणि चाकाचे बोल्ट पुरेसे लांब नसतील तर त्यांची पकड अपुरी पडते.

करून पाहा: उलटणे की घसरणे?

एक फळी, एक काड्यापेटी आणि कोनमापक घ्या. काड्यापेटी फळीवर आडवी, तिच्या सर्वांत मोठ्या बाजूवर ठेवा. फळीचे एक टोक हळूहळू उचला. काही कोनानंतर पेटी घसरू लागेल, पण उलटणार नाही. आता तीच पेटी तिच्या सर्वांत लहान बाजूवर उभी करा. तिचा पाया जेथे सर्वांत अरुंद आहे, ती दिशा फळीच्या उताराकडे ठेवा. या वेळी पेटी घसरण्याआधीच उलटेल.

दोन्ही वेळा पेटी तीच, वजन तेच आणि फळीही तीच. बदलले ते पायाची रुंदी आणि उंची यांचे प्रमाण. उलटण्याची मर्यादा 'चाकोरी ÷ (२ × गुरुत्वमध्याची उंची)' या संख्येने ठरते आणि घसरण्याची मर्यादा घर्षणांकाने ठरते. जी संख्या लहान, ती घटना आधी घडते. आपल्या उदाहरणातील स्पोर्ट्‌स मोटारीसाठी ही संख्या १२५ ÷ १०० = १.२५ येते. साध्या टायरचा कोरड्या डांबरी रस्त्यावरचा घर्षणांक सहसा १ पेक्षा कमी असतो. म्हणजे सपाट रस्त्यावर अशी मोटार उलटण्याआधी घसरते. हीच चाकोरी असलेल्या, पण टपावर सामान लादल्यामुळे गुरुत्वमध्य ८० सेंटिमीटरवर गेलेल्या गाडीची संख्या ०.७८ इतकीच येते. ती घसरण्याआधीच उलटू शकते.

दुसरा हिशेब: दातांचा

साध्या एमजीबीच्या पिनियनला ११ आणि क्राउनला ४३ दात असतात. ४३ ÷ ११ = ३.९०९. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी प्रोपेलर शाफ्टला जवळजवळ चार फेरे मारावे लागतात. ११ आणि ४३ यांना सामाईक अवयव नाही, हेही लक्षात घ्या. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राउनच्या प्रत्येक दाताला आळीपाळीने भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी होते.

१९७३ ते १९७६ या काळात याच मोटारीचा एक जोरदार प्रकार बनत असे. त्यात १७९८ घन सेंटिमीटरच्या चार सिलिंडरी एंजिनाऐवजी ३५२८ घन सेंटिमीटरचे आठ सिलिंडरी एंजिन होते. त्या आसात १४ आणि ४३ दात, म्हणजे प्रमाण ३.०७१. एखाद्याने या प्रमाणाची दंतचक्रे चार सिलिंडरी मोटारीत आणली तर काय होईल?

टायरचा परीघ १.८८ मीटर धरू. सर्वांत वरच्या गिअरमध्ये एंजिन आणि प्रोपेलर शाफ्ट यांचे फेरे सारखेच असतात असे मानू. एंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असताना जुन्या दंतचक्रांनी मोटार ताशी सुमारे ८७ किलोमीटर धावते. नव्यांनी ताशी ११०. लांबच्या सपाट रस्त्यावर हे छान वाटते. एंजिन संथ चालते, आवाज कमी होतो. पण फुकट काहीच मिळत नाही. वेग ज्या प्रमाणात वाढला, त्याच प्रमाणात चाकांशी मिळणारा जोर घटला. तो शेकडा एकवीसने कमी झाला. लहान एंजिनाला चढावर तो कमी पडतो आणि चालकाला वारंवार खालचा गिअर टाकावा लागतो.

याहून महत्त्वाची गोष्ट वेगदर्शकाची. त्याची तार गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला जोडलेली असते, चाकाला नाही. आसातील दात बदलले हे त्याला कळतच नाही. नव्या दंतचक्रांवर काटा ६० दाखवत असताना मोटार प्रत्यक्षात ६० × ३.९०९ ÷ ३.०७१, म्हणजे ताशी सुमारे ७६ किलोमीटर वेगाने धावत असते. थांबण्यासाठी लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे चालक समजतो त्याच्या दीडपटीहून अधिक अंतर ब्रेक लावल्यावर लागेल! म्हणून दात बदलले की वेगदर्शकही जुळवून घ्यावाच लागतो.

तिसरा हिशेब: रचनेचा

आतापर्यंत आपण अखंड आसाचा विचार केला. यात दोन्ही चाके एकाच ताठ घराने जोडलेली असतात. चाकोरी कधी बदलत नाही, आणि सपाट रस्त्यावर चाके जमिनीला काटकोनात राहतात. त्याचा दोष म्हणजे तो जड असतो आणि एक चाक दगडावर चढले की दुसरेही कलते.

दुसरी रचना झुलत्या आसाची. हिच्यात डिफरन्शियल सांगाड्याला पक्के बसवतात. दोन्ही बाजूंचे शाफ्ट आतल्या टोकाशी सांध्यावर वरखाली झुलतात. चाक शाफ्टला काटकोनात पक्के असते. १९५९ मध्ये इंग्लंडमध्ये आलेल्या ट्रायंफ हेरल्ड या मोटारीत हीच रचना होती. तिच्याच सांगाड्याच्या आधारे १९६२ मध्ये ट्रायंफ स्पिटफायर ही स्पोर्ट्‌स मोटार निघाली.

आपले दोन हात कोपरात न वाकवता बाजूंना सरळ धरा आणि तळवे उभे, बोटे आकाशाकडे ठेवा. खांदा म्हणजे सांधा, हात म्हणजे शाफ्ट, तळवा म्हणजे चाक. आता मनगट न हलवता हात थोडे खाली उतरवा. तळव्यांचे वरचे टोक बाहेर झुकते आणि खालचे आत येते. मोटारीचा मागचा भाग वर उचलला गेला की झुलत्या आसाच्या चाकांचे नेमके असेच होते. जोरात वळताना बाहेरच्या चाकाला रस्ता आत ढकलतो. हे बल सांध्याच्या खाली लागत असल्याने मोटारीचा मागचा भाग वर उचलला जातो. त्यातच घाबरून चालकाने ॲक्सिलरेटर एकदम सोडला तर भार पुढे जातो आणि मागचा भाग आणखी उचलला जातो. चाक मोटारीखाली दुमडू लागते आणि पकड अचानक सुटते.

हिशेब करू. सांध्यापासून चाकापर्यंत ५५ सेंटिमीटर, चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर आणि सांधा ५ सेंटिमीटर उचलला गेला असे समजू. चाक सुमारे ५ अंश कलेल आणि टायरचे खालचे टोक जवळजवळ पावणेतीन सेंटिमीटर आत येईल. दोन्ही बाजूंनी असे झाले तर चाकोरी साडेपाच सेंटिमीटरने घटते. नेमक्या कसोटीच्या क्षणी मोटारीचा पाया अरुंद होतो!

ट्रायंफच्या अभियंत्यांनी यावर दोन उपाय केले. १९७० मध्ये स्पिटफायरच्या आडव्या पाट्यांची जुळणी बदलली. पाट्यांची बहुतेक पाने डिफरन्शियलवर घट्ट न आवळता झोक्यासारखी डुलतील अशी बसवली. त्यामुळे वळणावर मागच्या बाजूचा ताठरपणा कमी झाला आणि भाराची अदलाबदल पुढच्या चाकांकडे अधिक गेली. नंतर १९७३ च्या सुमारास शाफ्ट लांब करून मागची चाकोरी सुमारे ५ सेंटिमीटरने वाढवली. हे लांब शाफ्ट आधीच्या स्पिटफायरला बसवणे ही हौशी लोकांची आवडती दुरुस्ती. पण हिशेब काय सांगतो? शाफ्ट ५५ ऐवजी ५७.५ सेंटिमीटर झाला तर तेवढ्याच उचलण्याला कोन ५.२ वरून ५ अंशांवर येतो. लाभ आहे, पण लहान. मोठा लाभ पाट्यांच्या बदलाचा. रुंदी डोळ्यांना दिसते म्हणून तिचे कौतुक अधिक होते, एवढेच.

मद्रासला झालेली अदलाबदल

झुलत्या आसाची ही मोटार भारतातही बनली. मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई, येथे स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्‌स या कंपनीने १९६१ पासून स्टँडर्ड हेरल्ड बनवली. आपल्याकडे मोटार म्हणजे घरची पाच माणसे आणि सामान. इतका भार पडला की मागचा भाग खाली बसतो, चाके वरून आत झुकतात आणि टायरची आतली कड लवकर झिजते. मोटारीच्या या रचनेवर ग्राहकही खूश नसत आणि मिस्त्रीही. अखेर १९७२ मध्ये कंपनीने स्टँडर्ड गझेल ही मोटार आणली. तिचे एंजिन हेरल्डचेच, ९४८ घन सेंटिमीटरचे; पण मागे मात्र साधा, अखंड आस बसवला होता.

ही अदलाबदल म्हणजे मागे जाणे होते का? तसे नाही. झुलत्या आसात प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वरखाली होते, हा गुण खराच. पण येथले ओझे आणि येथले रस्ते पाहता चाके उभी राहणे अधिक मोलाचे ठरले. आस चांगला की वाईट, हे तो कोणत्या मोटारीखाली, कोणत्या ओझ्याखाली आणि कोणत्या रस्त्यावर आहे, यावर ठरते.

म्हणून जाणता मिस्त्री पाना हातात घेण्याआधी फूटपट्टी हातात घेतो. घराची लांबी, हबचा प्रकार, दातांची संख्या आणि मडगार्डाशी उरणारी जागा या चार गोष्टी कागदावर लिहून काढल्या की कोणता आस चालेल हे बहुधा गाडी उचलण्याआधीच कळते.

सोडवून पाहा

१. एका ट्रॅक्टरची चाकोरी १.५ मीटर आहे. एक पूर्ण वर्तुळ घेताना बाहेरचे चाक आतल्यापेक्षा किती जास्त अंतर चालेल?

२. ३.०७१ प्रमाणाच्या मोटारीत ३.९०९ प्रमाणाची दंतचक्रे बसवली. वेगदर्शक तोच ठेवला. काटा ताशी ९० किलोमीटर दाखवत असताना खरा वेग किती?

३. एका गाडीची चाकोरी १२० सेंटिमीटर, गुरुत्वमध्याची उंची ८० सेंटिमीटर आणि टायरचा घर्षणांक ०.८ आहे. सपाट वळणावर ती आधी घसरेल की उलटेल?

उत्तरे: (१) ९.४२ मीटर. (२) ताशी सुमारे ७१ किलोमीटर. (३) मर्यादा १२० ÷ १६० = ०.७५, ती ०.८ पेक्षा लहान आहे, म्हणून आधी उलटेल.